भावोजींचं नव्वद नंबर

रत्नागिरीत मांडवीच्या समुद्रावर फिरायला निघालेल्या माणसाला समुद्राच्या आधी दोन पाय दिसत. रस्त्याला लागून एक अंगण, अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलेली काळी फियाट आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेले ते दोन पाय. त्यावर पट्ट्यापट्ट्यांची हाफ चड्डी, तीही गादीच्या उरलेल्या कापडाची. हे पाय माझ्या भावोजींचे, म्हणजे माझ्या अक्काच्या यजमानांचे. ओळख करून द्यायची तर चेहऱ्यापासून द्यावी, हे मलाही कळतं. पण गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा चेहरा बघितलाच नव्हता, त्याला मी काय करू!

मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान नोकरीला मुंबईत, म्हणून मी अक्काच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायची. सकाळी वर्गात पाऊल टाकलं की एखादी आगाऊ मुलगी म्हणायची, "बाई, आज तुमच्या भावोजींचे पाय लवकर बाहेर आले!" मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत बसायची. मुलींना काय शिक्षा करणार? खरंच होतं ते.

वामन भावोजी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ही एक्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. निवृत्त झाल्यावर माणूस भजनाला जातो, कलमांना पाणी घालतो, निदान पेपर तरी मोठ्याने वाचतो. यांनी गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. अक्का तेव्हा एवढंच म्हणाली, "आपल्याला कुठं जायचंय गाडीतून?" प्रश्न रास्त होता. गाडी बाजारात जायची, ग्रामदैवत भैरीच्या देवळात जायची, आणि परत येऊन चिऱ्यांवर चढायची.

चिऱ्यांवर कशाला? तर ऑइल बदलायला. इंजिनचं नव्हे हं, ते सगळेच बदलतात. गाडीच्या गिअरपेटीत एक जाड, काकवीसारखं ऑइल असतं. नव्वद नंबर म्हणतात त्याला. एकदा भरलं की बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आमचे भावोजी ते संकष्टीसारखं पाळायचे. चंद्र चुकेल, पण नव्वद नंबर चुकायचं नाही.

विधीही ठरलेला. आधी गाडी किल्ल्याच्या चढावरून तापवून आणायची, कारण गरम ऑइल चटकन उतरतं. मग चिरे. मग खाली सरकायचं. गिअरपेटीला दोन बुचं असतात. बाजूला वरचं, भरायचं. तळाला खालचं, सोडायचं. खालचं आधी उघडलंत आणि वरचं गंजून अडकलं तर झाली का पंचाईत! जुनं गेलं, नवीन घालता येत नाही, गाडी जागच्या जागी मेली. म्हणून भावोजींचा मंत्र होता, "आधी वरचं बूच, मग खालचं!" जुनं ऑइल अक्काच्या परातीत गोळा व्हायचं. नवीन भरायला शिमग्यातली पितळी पिचकारी. वरच्या भोकातून ऑइल वाहून बाहेर आलं की पेटी भरली. परातीतल्या ऑइलाला असा वास, की सुकटवाली नाकाला पदर लावून जायची.

बरं, तो मंत्र त्यांनी गाडीपुरता ठेवावा ना! शेजारच्या घरचा जावई लोटे गावच्या कारखान्यातली नोकरी सोडून धंदा करायचं म्हणत होता. त्याला यांनी विचारलं, "वरचं बूच उघडलंय का?" जावई आपला सदरा चाचपायला लागला. आमच्या मुख्याध्यापिकाबाई राजीनामा देणार अशी कुणकुण होती. त्या समुद्रावर निघालेल्या असताना गाडीखालून आवाज आला, "बाई, आधी वरचं बूच, मग खालचं! ध्यानात ठेवा!" बाईंनी आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि त्या फियाटसकट यांना पोटात घ्यावं.

गाडीखालच्या माणसाशी बोलणं ही वेगळीच कसरत. लोक गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि पायांशी ओरडून बोलायचे. हेही खालून ओरडायचे, "काय? मोठ्याने बोला, मी खाली आहे!" एकदा पारू कोळीण टोपली घेऊन दारात आली. पायांना म्हणाली, "काका, बांगडं ताजं हायत. किती देऊ?"

"नव्वद नंबर!" खालून उत्तर.

"नव्वद? अगो बाय! लगीन हाय काय घरात?" पारूने टोपली ओट्यावर रिकामी केली, कमी पडले म्हणून बहिणीची टोपलीही मागवली. त्या दिवशी मांडवीत ज्याच्या त्याच्या घरात आमचे बांगडे होते. वाटता वाटता अक्काची मान वर झाली नाही, आणि तिच्यामागे ताट धरून फिरणाऱ्या माझीही नाही.

आता अक्काविषयी सांगायला हवं. अक्का म्हणजे अगदी गरीब बाई. आवाज एवढा बारीक की ती स्वयंपाकघरात आहे हे बांगड्यांवरून कळायचं. लहानपणी आईने मारलं तरी ती हळूच रडायची, घरात कुणाला त्रास नको म्हणून. ती एका दुपारी माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "कुसुम, हे माझ्याशी वर्षभर बोलत नाहीयेत."

"म्हणजे? बडबड तर चालू असते त्यांची!"

"ते गाडीविषयी. मी विचारते, भात वाढू का, तर म्हणतात, रविवारी. मी म्हणते, पाठ दुखते माझी, तर हसून मान हलवतात. हसतात गो! गाडी घेताना मी बोलले ना, तो राग धरलाय मनात. मी समोर गेले की उठून गाडीखाली जातात." तिने डोळे पुसले. "दादा केळशीला बोलावतो आहे. मी जाते. या घरात माझी अडचण होतेय."

"चार दिवस जाऊन ये."

"चार दिवस नाही. कायमची."

 मांडवीतल्या कुठल्या घरातली बाई या वयात नवऱ्याचं घर सोडून भावाकडे गेली होती? लोक काय म्हणतील हा विचार आधी आला, अक्काचा नंतर. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून लोकांचा विसर पडला. एवढ्या वर्षांच्या संसारात नकोशी झाले, असं तिला खरंच वाटत होतं. मी म्हटलं, "त्यांना तोंडावर विचार एकदा. सरळ विचार. मी असते सोबत."

तोंड कुठलं! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर चिऱ्यांवर फियाट आणि बाहेर पाय. अक्का इरकली नेसून, पिशवी घेऊन पायांशी उभी राहिली. तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "अहो, मी केळशीला जाते. परत नाही यायची. तुम्हाला काही बोलायचं असलं तर आत्ता बोला."

खालून खुशीत आवाज आला, "जाऊ दे, जाऊ दे! जुनं सगळं जाऊ दे एकदाचं! मग छान नवीन आणू!"

अक्काने पदर तोंडात धरला आणि चालू लागली. कोपऱ्यावर रिक्षा होती, त्यात बसून ती स्टँडकडे गेलीसुद्धा. माझं डोकं असं सणकलं म्हणता! मी दोन्ही हातांनी भावोजींचा घोटा धरला आणि ओढला. रस्त्यावर समुद्राकडे निघालेले लोक थांबून बघत होते, बघोत. तोंडभर ऑइल घेऊन ते बाहेर आले.

"लाज नाही वाटत? बायको घर सोडून चालली आणि म्हणे नवीन आणू!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. अगदी नीट, पहिलीतलं पोर पाटीकडे बघतं तसे. "हळू बोल गो," ते म्हणाले, "हळू म्हणजे... सावकाश. काय चाललं? कोण चाललं?"

माझा राग तिथल्या तिथे बसला. "भावोजी, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग परातीकडे बोट दाखवलं. "ऑइलविषयी विचारत होती ना ती? मी म्हटलं, जुनं सगळं जाऊ दे. ऑइल गो! तिचे पाय दिसले, वाटलं परात परत मागतेय."

"आणि हे सारखं सारखं ऑइल बदलणं?"

"ऑइल कमी पडलं की गिअरपेटी रडते," ते म्हणाले. "कचेरीची जीप कोपऱ्यावर असतानाच मी सांगायचो, पेटी रडतेय म्हणून. आता ही आपली गाडी रडत असेल तरी मला कळायचं नाही. लोक ऐकतील, म्हणतील, म्हाताऱ्याला एवढंही ऐकू येत नाही. म्हणून बदलतो. म्हणजे रडायलाच नको तिने." मग हात चड्डीला पुसत म्हणाले, "माझे वडील बहिरे होते. अख्खा गाव त्यांना भैरोबा म्हणून हाका मारायचा, मागून दगड टाकायचा, वळतात का बघायला. भैरीच्या गावात मी दुसरा भैरा व्हायचा नव्हतो. खाली असलो की बरं. खाली सगळेच ओरडून बोलतात, कुणाला शंका येत नाही. हिला सांगू नकोस. हिला लाज वाटेल माझी."

"तिला वाटतंय तुम्हाला ती नको आहे," मी एकेक शब्द तोडून सांगितला. "ती केळशीला चालली. कायमची. तिकडची दापोलीची गाडी सुटेल आता."

हे मात्र त्यांना पहिल्याच खेपेला कळलं. उडी मारून गाडीत बसले, किल्लीही फिरवली, आणि मग कपाळावर हात मारला. दोन्ही बुचं उघडी, ऑइल सगळं परातीत. तसेच निघाले, हाफ चड्डीत, काळ्या पडलेल्या बनियनमध्ये. मी मागून धावले. रिक्षावाला त्यांना बसू देईना, शेवटी सीटवर जुने पेपर अंथरून त्याने आत घेतलं. बाजारात माझ्या दोन विद्यार्थिनींनी आम्हाला बघितलं. मी पदर डोक्यावरून घेतला.

स्टँडवर दापोलीची गाडी लागली होती. अक्का बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भावोजी तिच्यासमोर उभे राहिले. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो किती मोठ्याने बोलतो हे मला त्या दिवशी कळलं.

"मला ऐकू येत नाही!" ते म्हणाले. शेंगदाणेवाला थांबला. कंडक्टरने मान बाहेर काढली. "वर्षभर तू काय बोललीस ते मला ऐकूच आलेलं नाही! मी बहिरा झालोय! राग नाही गो कसला!"

अख्खा स्टँड आमच्याकडे बघत होता. मी आपली वेळापत्रकाच्या पाटीवरची गावं वाचत होते. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, आवाज नेहमीसारखा, मलाही ऐकू येईना.

"मोठ्याने," भावोजी म्हणाले. "काय काय बोललीस ते सगळं सांग. वर्षभराचं सांग."

तिने इकडेतिकडे बघितलं. माणसं थोडी का होती! मग तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागली. पाठ दुखते म्हणाले होते मी. आपल्या लेकीचं, सुमीचं पत्र आलं, ती पुन्हा बाळंत होणार म्हणाले होते. आपण दोघं एकदा गणपतीपुळ्याला जाऊ म्हणाले होते. एकेका वाक्याला तिचा आवाज चढत होता. दापोलीची गाडी सुटली, तिने तिकडे बघितलंही नाही.

"आणि दिवाळीत," ती थांबली.

"काय? दिवाळीत काय?"

"निळा सदरा घातला होतात तेव्हा..."

"काय?"

"निळा सदरा!" माझी अक्का, जिने जन्मात कधी आवाज चढवला नाही, ती भर स्टँडवर ओरडली, "शोभतो तुम्हाला!"

आणि तेवढ्या सगळ्या माणसांत, ऑइलाने माखलेले आमचे भावोजी मान खाली घालून लाजले.