टॉवेलाखालचा हात

बबनराव कुणालाही औषध देण्याआधी त्याचा हात टॉवेलाखाली ओढतात. नवीन गिऱ्हाईक दचकतं. बाई असली तर हा प्रयोग ते स्वतःच्याच दोन हातांवर करून दाखवतात, तेवढं भान त्यांना आहे.

बेल्ह्यात त्यांचं मेडिकल आणि माझं बैलांच्या साजाचं दुकान शेजारी शेजारी. त्यांचे वडील बैलांचे दलाल. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं दाबून सौदा ठरतो. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. बबनरावांनी वडिलांचा धंदा सोडला, टॉवेल मात्र ठेवला.

"गोळी आंधळी असती, राव," ते सांगतात. "रगतात चाचपत फिरती. प्रोटीनच्या अंगाला एक खोबण असती, तिथं बोटाला बोट लागलं की धरून बसती. दिसत न्हाई, लागतं!"

एकदा निमगाव सावाचे एक पाव्हणे पित्ताची गोळी घ्यायला आले. बबनरावांनी शिरस्त्याप्रमाणे त्यांची तीन बोटं दाबली. पुढच्या बाजाराला पाव्हणे कासरा घेऊन हजर. "बैल कुठंय? हात दाबला व्हता न्हवं तुमी?" आमच्याकडे दाबलेला हात म्हणजे दिलेला शब्द. तासभर प्रोटीन ऐकून पाव्हणे डोकेदुखीची गोळी घेऊन गेले. कासरा माझ्याच दुकानातला होता, तो मी परत घेतला नाही.

मण्यांच्या बाबतीत बबनराव माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांच्या दारात एकही बैल नाही! प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; ती आम्लं वीस जातींची, म्हणून मणीही वीस जातींचे. बारका पांढरा म्हणजे ग्लायसीन, थोराड निळा म्हणजे ट्रिप्टोफॅन. हे सगळे ते तांब्याच्या तारेत ओवतात. मी थट्टा करायचो, "कुठल्या बैलाच्या गळ्यात घालणार?" मग एक दिवस त्यांनी ती माळ माझ्यासमोर घडी घडी करत दुमडली. लांब लांबचे मणी एकमेकांशेजारी आले आणि त्यांच्या मधोमध एक खोबण तयार झाली. ते म्हणाले, "आपल्या अंगात ही माळ आपसूक दुमडती. कुणी शिकवीत न्हाई." माझ्याच दुकानातले मणी ते, पण मी थक्क झालो. त्या रात्री जेवताना मी आपल्याच हाताकडे बघत होतो आणि बायको विचारत होती, भाजी खारट झालीय का.

गेल्या वर्षी ते एकच मणी मागायला आले. पिवळा, जरा फुगीर.

"एका मण्यानं काय होतंय, बबनराव?"

ते आपल्या दुकानात गेले. माळ आणली, मोजत मोजत एका जागी थांबले. "ह्यो तीनशे पंधरावा. हितं थ्रिओनिन व्हता, गोळीला हात द्यायचा. आता आयसोल्युसिन आलाय. हात बी देत न्हाई आन् वाटबी अडवतो." मणी बदलून त्यांनी मेणाची गोळी खोबणीत बसवून पाहिली. ती बाहेर आली. पुन्हा बसवली, पुन्हा बाहेर. मग खाली बघत म्हणाले, "सुमनचं हाय हे."

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, रक्ताचा कॅन्सर आहे आणि त्या रोज एक गोळी घेतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ती गोळी आता धरत नव्हती. माझी थट्टा मला फार लागली.

पुण्याच्या डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. बबनरावांनी लगेच मेणाची नवी गोळी केली. मधे सरळ, बारीक मान. ती पिवळ्या मण्याला न खेटता आत सरकली. "कुणीतरी निस्त्या त्या एका मण्यापायी ही मान बारीक केलीया, भाऊ," ते म्हणाले. त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा हळू झाला होता. "पर ही मेणाची. आतलं काय, ते तपासणीतच कळंल."

तीन महिने त्यांनी कुणाचाच हात धरला नाही. टॉवेल खुंटीला होता. गिऱ्हाईक गोळ्या घेऊन मुकाट जायचं, आणि खरं सांगतो, बाजार सुना वाटायचा.

फोन आला तो बाजाराच्या दिवशी. बैलांच्या गलबल्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावला. "नवं औषध लागू पडतंय," डॉक्टर म्हणाले. बबनराव नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले.

वहिनी आत स्टुलावर बसून गोळ्यांच्या पट्ट्या लावत होत्या. "काय म्हणलं डॉक्टर?"

बबनरावांनी फोन ठेवला. त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला, वहिनींच्या हातावर टाकला आणि आत आपला हात घातला.

वहिनींनी टॉवेलाखाली बोटं चाचपली. मग त्यांचे डोळे भरले. "अख्खा पंजा धरलाय तुमी," त्या म्हणाल्या. "येवढा कुठं भाव असतोय माजा?"

बबनराव मान हलवत राहिले.

"सोडा आता. गिऱ्हाईक थांबलंय."

त्यांनी हात सोडला नाही. गिऱ्हाईक थांबलं. मीही थांबलो.