उंटाकडे नेणारे बाण

"वहीत पहिली सही माझीच! हवं तर आत्ताच दगडावर कोरून ठेवा!" नववीतल्या कॅप्टनने जाहीर केलं. कॅप्टन ही पदवी तिने गेल्याच आठवड्यात स्वतःला बहाल केली होती.

समुद्राकाठचा तो डोंगर म्हणजे पाणी प्यायला बसलेला उंट! मान लाटांत, मदार ढगांत. खेळाचे सर रविवारी मदारीवर वही घेऊन बसणार होते. नियम एकच: ज्याची सही पहिली, तो शाळेच्या डोंगरपथकाचा प्रमुख! घरच्यांना आणायलाही मुभा होती.

कॅप्टनने नशिबावर काहीच सोडलं नाही. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वाटेवरचे जुने बाण पुसट झालेले, म्हणून शनिवारी तिने त्यांनाच डबा-ब्रश देऊन डोंगरावर पिटाळलं.

"असे ठसठशीत काढलेत," बाबा परत येऊन म्हणाले, "की डोळे असणारा माणूस चुकूच शकत नाही!"

रविवारी आत्याही निघाली. पिवळी छत्री घेऊन, चष्मा घरी विसरून!

"आत्या, तू खालीच बस ना. तुला दिसणार काय?"

"उंटावरची शहाणी! तू हो पुढे. मी येते माझ्या चालीने."

अर्धा तास चढल्यावर वाट फुटली. एक वर, एक खाली समुद्राकडे. दगडावर लालभडक बाण होता, आणि तो खाली बोट दाखवत होता!

मागून येणारी मुलं थबकली. "खाली कसं काय गं?"

कॅप्टनने मान अशी उडवली की वेणी स्वतःच्याच नाकावर आपटली. "उंटावर बसायचं तर आधी उंटाला खाली बसवावं लागतं! चला!"

इतक्या आत्मविश्वासापुढे कोण बोलणार? तेरा मुलं, त्यांचे आईबाप आणि एक हाशहुश करणारे आजोबा मेंढरांसारखे तिच्यामागे निघाले. पुढे बाण, पुढे बाण, आणखी पुढे बाण! बाबांचं काम म्हणजे काम! शेवटचा बाण संपला तो थेट वाळूत, चहाच्या टपरीपाशी. तिथे बाकावर बाबा बशीतून चहा फुंकत बसले होते.

"अरे वा! इतक्यात वर जाऊन उतरलातसुद्धा?"

"बाबा! बाण खाली का दाखवतायत?"

"मग? मी उतरतानाच काढले ना! पाटी नेहमी वरून खाली रंगवायची, म्हणजे ओघळ पुसता येतात. चाललो तिकडे बाण काढला."

"पण टपरीपर्यंत?"

"काम झाल्यावर चहा नको?"

तेरा मुलांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने समुद्राकडे पाहिलं. समुद्रानेही मदत केली नाही.

तेवढ्यात आजोबांनी वर हात केला. मदारीवर एक पिवळी छत्री नाचत होती. आत्याची!

पाठोपाठ बाबांच्या फोनवर सरांचा आवाज. "पहिली सही झाली रे! बाई म्हणतात, बाणबिण काही दिसले नाहीत. डोंगर दिसत होता, तो चढले."

"पण सर, ती शाळेत नाही!" कॅप्टन ओरडली.

"नियमात तसं कुठे लिहिलंय? नियम म्हणजे नियम!"

सोमवारी शाळेच्या फळ्याशेजारी बाबांच्या वळणदार अक्षरांत नवी पाटी लागली. पथकप्रमुख: आत्या. त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, कॅप्टनलाही पद मिळालं होतं: प्रमुखांचा चष्मा सांभाळणे.

आणि बाण? तो होता की! पाटीपासून थेट मुलींच्या स्वच्छतागृहाकडे. ब्रश धुवायचा नळ तिकडेच होता ना!