तळातल्या पिशव्या

"वरून काढायची," बायको म्हणाली. "रोज एक. वरची संपली की तिच्याखालची. मध्येच खाली हात घालायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"खाली हात घालायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. आठ दिवस तपासण्या, नवव्या दिवशी ऑपरेशन आणि सगळं सुरळीत झालं तर विसाव्या दिवशी घरी, असं डॉक्टर म्हणाले होते. 'सुरळीत झालं तर' हे शब्द त्यांनी जरा भरभर उच्चारले होते, आणि ते दोघांनीही ऐकले नाहीत असं दोघांनीही एकमेकांना दाखवलं होतं. आता ती फ्रीजरच्या पेटीशेजारी स्टूल टाकून बसली होती आणि धापा टाकत नवऱ्याला जेवायचं कसं ते शिकवत होती.

ही पेटी तिनं बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून महिन्याभरापूर्वी उचलून आणवली होती. लांबट, पांढरी, वरून झाकण. चार माणसं ती जिन्यावरून वर नेत होती तेव्हा समोरच्या घरातला शिंपी कात्री खाली ठेवून मान खाली घालून उभा राहिला होता. आत कुणी नाही हे कळल्यावर तो ओशाळला, पण चूक त्याची नव्हती. त्या पेटीत तिनं महिनाभर भाज्या, डाळी, भात शिजवून, गार करून, पिशव्यांत भरून, हवा काढून, चपट्या करून एकावर एक रचल्या होत्या. प्रत्येक पिशवीवर काळ्या पेनानं तारीख. ज्या दिवशी खायची त्या दिवसाची, आणि शेजारी भरतीपासूनचा कितवा दिवस तो आकडा.

"आणि पिशव्या फेकायच्या नाहीत," ती म्हणाली. "धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या."

"बरं."

"एक पिशवी भांड्यात उलटी करायची, मंद आचेवर ठेवायची, वाफ आली की बंद. एवढं तरी येईल ना?"

"अगं, मी काय लहान आहे?"

लहान नव्हता. सदुसष्ट वर्षांचा होता. पण त्यानं जन्मात चहाशिवाय काही उकळलेलं नव्हतं, आणि त्या चहाबद्दलही घरात दोन मतं होती. तेहतीस वर्षं तो औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा होता. औषधाचं नाव मालक बघायचे. याचं काम एकच, मुदत बघणं. हजारो खोकी त्याच्या हातून गेली, पण त्यानं त्यांच्यावरची तारीख सोडून दुसरं अक्षर वाचलं नाही. दुकानात त्याला सगळे तारीखरावच म्हणत. मुदत तपासायची ती नेहमी तळापासून, हीही तिथलीच सवय, कारण गोची असते ती तळाशी.

त्यामुळे बायकोला वॉर्डात सोडून दुपारी घरी आल्यावर तारीखरावांनी काय केलं हे सांगायला नको. त्यांनी खाली हात घातला.

विसाव्या दिवसाची पिशवी निघाली. इथं संपायला हवं होतं. तिच्याखाली एकविसाव्या दिवसाची निघाली. मग बाविसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या. बोटं बधिर झाली तरी ते खाली खाली जात राहिले, आणि अगदी तळाशी बर्फाचा थर नखानं खरवडल्यावर साठाव्या दिवसाची तारीख दिसली.

ते त्याच स्टुलावर बसले. विसाव्या दिवशी जी बाई घरी येणार, ती एकविसाव्या दिवसाचं जेवण कशाला भरून ठेवेल? आणि तळाची पिशवी म्हणजे सगळ्यांत आधी ठेवलेली. म्हणजे कामाला लागली तेव्हा हिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर आपण परत येणार नाही हे. बेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिनं हिशेबानं, गाजावाजा न करता, स्वतःशिवायचे दिवस कापून बांधून ठेवले होते.

चार वाजता भेटीची वेळ होती. "वरून काढलीत ना?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"वरूनच."

"चव बरी आहे?"

"झकास," तारीखराव म्हणाले. तिला विचारायचं होतं ते ओठांवर आलं आणि पुन्हा गिळलं. असलं विचारायचं कसं? आणि ती 'हो' म्हणाली तर?

घरी परतताना त्यांच्या डोक्यानं घेतलं ते एकच. ज्या दिवसाचं जेवणच घरात उरलं नाही, तो दिवस तिच्याशिवाय उगवेल कसा? साठ ते एकवीस, चाळीस पिशव्या ऑपरेशनच्या आत संपल्या पाहिजेत. शहाणा माणूस यावर हसेल. पण बायको दवाखान्यात असताना शहाणा राहिलेला नवरा कुणी पाहिला असेल तर त्यानं सांगावं.

त्यांनी तळापासून सुरुवात केली. साठावी, एकोणसाठावी आणि अठ्ठावन्नावी पिशवी रिकामी निघाली. नुसती तारीख, आत काही नाही. शिजवायलासुद्धा सुचलं नाही बिचारीला, इतकी घाबरली होती! सत्तावन्नाव्या पिशवीत भाजी होती, पण कच्ची. चिरलेला बटाटा, गाजर, कांदा. सांगितल्याप्रमाणे त्यांनी ती भांड्यात उलटी केली, वाफ येताच बंद केली आणि खायला घेतली. बटाटा दाताखाली खडूसारखा मोडत होता. डोळ्यांतून पाणी आलं ते कच्च्या कांद्यानं की दुःखानं हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

अशा दिवसाला पाच पिशव्या. तिसऱ्या दिवशी पोटानं जाहीर निषेध केला. त्यांनी जुन्या डब्यातून एक गोळी शोधली, तिची मुदत नीट बघितली आणि घेतली. नाव वाचलं नव्हतं, आणि ती झोपेची निघाली. भेटीच्या वेळी ते पलंगाशेजारच्या खुर्चीत कलले. पांढरंफटक तोंड, कपाळावर घाम. नर्स सुई घेऊन आली आणि पहिल्यांदा त्यांचीच बाही वर सारायला लागली.

"अहो ताई, पेशंट मी आहे," बायको पलंगावरून म्हणाली.

"नक्की?" नर्सनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"अहो, तुम्ही खाताय ना नीट?" बायकोनं काळजीनं विचारलं.

"खातोय," तारीखराव पुटपुटले. यापेक्षा खरं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

एकट्यानं हे संपणारं नव्हतं. त्यांनी शिंप्याला जेवायला बोलावलं. शिंपी सहा वर्षांपूर्वी विधुर झालेला, अबोल माणूस. त्यानं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "वहिनींनी केलंय हे?"

"हो."

"बरं," शिंपी म्हणाला आणि ताटातलं सगळं संपवलं. आजारी बाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत एवढं त्याला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा त्यानं दाराला आतून कडी लावली, आणि तारीखरावांनी ताट दाराबाहेर ठेवल्यावर मात्र नाइलाजानं आत घेतलं.

हळूहळू एक गोष्ट तारीखरावांच्या ध्यानात आली. जसजसं ते तळातून वर येत होते तसतसं जेवण सुधारत होतं. पन्नासच्या खाली आल्यावर बटाटा अर्धवट का होईना, शिजलेला निघाला. तिसाच्या अलीकडे परतलेल्या कांद्याचा वास यायला लागला. म्हणजे पिशव्या भरता भरता हिची भीती ओसरत गेली! भाजीला चव येत चालली म्हणजे बायको वाचत चालली, असा त्यांनी पक्का निष्कर्ष काढला आणि पोटाची पर्वा न करता ते तुटून पडले. आठव्या दिवशी दुपारी त्यांनी एकविसाव्या दिवसाची पिशवी संपवली. तिच्यात मीठ तेवढं नव्हतं, बाकी सगळं जसंच्या तसं. ढेकर देताना त्यांना वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी सगळ्या पिशव्या धुतल्या. चाळीस पिशव्या, गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी ओळीनं टांगल्या. शिंपी आपल्या गॅलरीत काज करत बसला होता. बारीक टाके बघायची त्याची नजर. त्यानं चष्मा वर केला.

"तारखेच्या खाली काय लिहिलंय हो?"

"कुठं?"

"पिशव्यांवर. बारीक अक्षरात." आणि शिंप्यानं तिथूनच वाचायला सुरुवात केली. "एकवीस. 'मीठ तुम्ही घाला. आधी चिमूटभर, मग चाखा.' एकतीस. 'कांदा वेगळा ठेवलाय. तेलात लाल होईपर्यंत परता, हलवत राहा, पेपर वाचत बसू नका.' एकेचाळीस. 'अर्धवट शिजलंय. पुढचं तुमचं.' एक्कावन्न. 'नुसतं चिरून दिलंय. आता सगळं येतं तुम्हाला.'"

शिंपी थांबला. शेवटच्या तीन रिकाम्या होत्या.

"वाचा," तारीखराव म्हणाले.

"'आजपासून बाजारातून तुम्हीच आणा. मी नसले तरी उपाशी राहायचं नाही.'"

बर्फाखाली लपलेली ती अक्षरं धुतल्यावर लख्ख दिसत होती. तारीखरावांनी ती तेव्हाही खरवडून बघितली असती तर दिसली असती, पण तारीख दिसल्यावर पुढं वाचायची त्यांना सवयच नव्हती. तिचा धीर सुटलेला नव्हताच. ती शांतपणे, पायरीपायरीनं, चाळीस दिवसांत नवऱ्याला स्वतःच्या पायावर उभा करायला निघाली होती. आणि त्यांनी तो सगळा अभ्यासक्रम उलटा, कच्चा, पाच-पाच घासांत गिळून टाकला होता. दोरीखाली उभे राहून ते हमसून हमसून रडले.

शिंपी सुई दोऱ्यासकट उशीत खोचून आला. "माझी एका दिवसात गेली," तो म्हणाला. "एक पिशवीही न भरता. मी सहा महिने पाव खाल्ला, मग शिकलो. चला, कांदा आहे का घरात?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. साडेपाच तास. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी 'सुरळीत' हा शब्द या वेळी सावकाश उच्चारला. तारीखरावांना एकदम इतकी भूक लागली की तीच त्यांना खरी वाटेना.

पुढचे दहा दिवस शिकवणी चालली. पिशव्यांवरच्या सूचना दोरीवरून वाचायच्या आणि कच्चं बाजारातून आणायचं. शिंप्याची अट एकच होती. एका धड्याला वरच्या थरातली एक चांगली पिशवी. बाकीच्या तारीखरावांनी संपवल्या. पहिल्या दिवशी कांदा जळाला, दुसऱ्या दिवशी भांडं, पाचव्या दिवशी भाजी खाण्यासारखी झाली. दहाव्या दिवशी शिंप्यानं दोन वेळा मागून घेतली आणि म्हणाला, "पास."

विसाव्या दिवशी ती घरी आली. वाळलेली, छातीवर पट्टी, पण चालत. आल्या आल्या पेटीपाशी गेली. तारीखरावांनी झाकण धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तिनं नुसतं पाहिलं आणि त्यांनी हात काढला. पेटी रिकामी होती.

"साठ दिवसांचं होतं," ती म्हणाली.

तारीखरावांनी सगळं सांगितलं. तळापासून वरपर्यंत. ती आधी अवाक झाली, मग छाती धरून खाली बसली. "हसवू नका हो, टाके ओढतात!" पण हसता हसताच तिचे डोळे भरले. "मला वाटलं होतं, नाही आलेच तर हळूहळू सवय होईल तुम्हाला. आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला भरतीच होऊ दिलं नसतं."

"नसतंच."

"ती काळजी होती बघा. मरायची भीती नव्हती वाटत. तुमचं कसं होईल एवढंच. तुम्हाला दोन घास करून खाता आले असते तर मी अगदी निवांत..." पुढचं तिनं हातानंच उडवून लावलं.

तारीखराव स्वयंपाकघरात उभे होते. भांड्यात सकाळी केलेली भाजी होती, शिंप्यानं पास केली होती तशीच, कमी मिठाची, डॉक्टरांनी सांगितली तशी. ताट वाढायला घेतलेलं होतं. 'निवांत' हा शब्द त्यांना अजिबात आवडला नाही. काही क्षण त्यांनी भाजीकडे बघितलं, मग ती सगळी एका डब्यात काढून कपाटात लपवली, एक बटाटा ओबडधोबड चिरला, कांदा कोळसा होईपर्यंत परतला आणि वाफ येताच गॅस बंद केला.

शिंपी तिची विचारपूस करायला आला होता. त्याच्याही ताटात तेच पडलं. त्यानं एक घास खाल्ला आणि गोंधळून वर पाहिलं.

"अहो, कालच तर तुम्ही..."

टेबलाखाली तारीखरावांनी त्याच्या नडगीवर जोरात पाय मारला. शिंप्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली मान घालून तो मुकाट्यानं कच्चा बटाटा चावायला लागला.

बायकोनं घास कसाबसा गिळला आणि पाणी प्यायली. "देवा रे," ती म्हणाली. "चाळीस पिशव्या खाऊन हे शिकलात? तुम्हाला स्वयंपाक शिकवायला मला अजून दहा वर्षं लागतील."

"दहा पुरायची नाहीत," तारीखराव म्हणाले.