पाठवणीचे हक्क

परंड्याच्या मंगल कार्यालयात शिवांजलीचं लग्न यथासांग लागलं, पंगती उठल्या, आणि ऐन पाठवणीला तिच्या भावानं, रणधीरनं, स्वतःच लावलेल्या सापळ्यात पाय घातला.

रणधीरचा गाण्यांचा चॅनेल होता. त्यावरचं पाठवणीचं एक गाणं जिल्ह्यात इतकं चाललं, की ते वाजल्याशिवाय नवरी गाडीत बसली तर बायका कुजबुजायच्या. गाणं रचलं आणि गायलं होतं ढोकीच्या मच्छिंद्र शाहिरांनी. रेकॉर्डिंगच्या दिवशी रणधीरनं त्यांना शाल, नारळ आणि पोटभर जेवण दिलं होतं. पुढं गाणं गाजलं, पैसे येऊ लागले. शाहिरांनी दोनदा वाट्याची गोष्ट काढली. दोन्ही वेळा रणधीरनं त्यांना आग्रहानं चहा पाजला.

मात्र गाण्याची चोरी होऊ नये म्हणून त्यानं मुंबईच्या एका कंपनीकडं त्याची नोंदणी केली. इंटरनेटवर कुणीही ते गाणं लावलं किंवा गायलं, की कंपनीचं यंत्र ओळखायचं आणि व्हिडिओ बंद पाडायचं. "जगात कुठंबी वाजू द्या, गळा दाबलाच समजा," असं तो पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

लग्नाला नेमके नवरीचे वडीलच नव्हते. आण्णासाहेब खुब्याचं हाड मोडून सोलापूरच्या दवाखान्यात पडले होते, पण तारीख हलवू देईनात. त्यांच्याजवळ बटणांचा साधा फोन. म्हणून फोटोग्राफरच्या चॅनेलवरून लग्न थेट वॉर्डातल्या टीव्हीवर दिसत होतं. त्यांनी एकच मागितलं होतं: शाहिरांचं गाणं ऐकायचं आणि पोरगी गाडीत बसताना बघायची. त्यासाठी खुद्द शाहिरांनाच बोलावलं होतं.

शाहिरांनी पेटीवर सूर धरला, पहिली ओळ म्हटली, आणि सोलापुरात टीव्ही काळाठिक्कर पडला.

आण्णासाहेबांनी तर्क लढवला. ऐन पाठवणीला चित्र बंद केलं, म्हणजे भांडण झालं. आणि भांडण काढणार ते नवरदेवाचे चुलते, कृष्णराजच. त्यांनी तडक त्यांनाच फोन लावला. कृष्णराज बिचारे कडेला उभं राहून पान खात होते. पोरगी न्यायची नाही का, इथपासून सुरुवात झाली. सगळं ऐकून घेतल्यावर कृष्णराजांनी पान थुंकलं, खुर्ची ओढली आणि सजवलेल्या गाडीच्या पुढ्यात मांडून बसले.

"भांडण काढलं म्हणतेत. आता आण्णासाहेबांनी सवताच्या तोंडानं चुकलं म्हणल्याबिगर ही गाडी हलत न्हाय."

रणधीरनं वडिलांना फोनवर यंत्राची गोष्ट समजावून सांगितली. त्यांना ती थाप वाटली. मग त्यानं गाणं वगळून प्रक्षेपण पुन्हा सुरू केलं. लगेच फोन आला. "भांडण न्हाय, तर मग गाणं का न्हाय?" शाहिरांना पुन्हा गायला सांगितलं, टीव्ही पुन्हा काळा झाला. आता सगळ्या वॉर्डाची खात्री पटली, की परंड्यात मारामारी जुंपली.

घाम पुसत रणधीरनं बंदी उठवायला मुंबईच्या कंपनीला फोन लावला. मांडवात गलका फार, म्हणून आवाज मोठा ठेवला. ते त्याला भोवलं. पलीकडच्या मुलीचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू येऊ लागला.

"सर, या गाण्याचे कवी आणि गायक, दोन्ही म्हणून तुमचंच नाव आहे. मग आत्ता गातंय कोण? पोलिसात तक्रार करायची आहे का?"

शाहीर पेटीचा भाता हळूच बंद करत होते. शिवांजली भावाकडं टक लावून बघत होती.

"न्हाय, न्हाय," रणधीर म्हणाला. "गाणं त्यांचंच हाय."

"म्हणजे कवी कोण लिहू?"

"मच्छिंद्र शाहीर."

"आणि गायक?"

"तेच."

"मग तुम्ही काय केलंत, सर?"

रणधीरनं खूप आठवून पाहिलं. "म्या शाल दिली."

"शालीचा रकाना नाही, सर. त्यांचा वाटा किती लिहू?"

रणधीर चाचरला. तेवढ्यात त्याच्या आईनं, विठाबाईंनी, फोनपाशी तोंड नेलं. "आर्धा लिव्ह, बाई. मागच्या पैशातलाबी."

"शाहीर, तुमची परवानगी आहे?" मुलीनं विचारलं.

"हाय की," शाहीर म्हणाले. "खोली आन् मशीन त्यांची होती. आर्ध्यात भागतंय."

मुलीनं नोंद बदलून या लग्नापुरती बंदी उठवली, यंत्रानं गळ्यावरचा हात काढला आणि सोलापुरात टीव्ही पुन्हा उजळला. शाहीर गायले, आणि त्या दिवशी असे गायले की खुर्चीतल्या कृष्णराजांनाही रुमाल काढावा लागला. त्यांचा फोन वाजला. पलीकडं आण्णासाहेब आधी नुसतेच हुंदके देत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, चुकलं माझं." कृष्णराजांनी स्वतःच खुर्ची बाजूला सारली.

गाडी निघणार, तेवढ्यात बँडवाले धोंडप्पा टोपी काढून शाहिरांसमोर आले. वेशीपर्यंत हेच गाणं वाजवावं असा त्यांचा विचार होता. "पण तुमी व्हय म्हणला तरच," ते म्हणाले.

शाहीर गोंधळले. गाणं रचून त्यांना वर्षं झाली होती, पण असं कुणी विचारलं नव्हतं. परवानगी कशी द्यायची असते, तेच त्यांना सुचेना. त्यांनी रणधीरकडं पाहिलं. रणधीर खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होता.

"वाजवा," शाहीर अखेर म्हणाले. "फकस्त दुसरं कडवं सावकाश घ्या. तितं पोरगी मागं वळून बघती."

धोंडप्पांनी ते सावकाशच घेतलं. आणि शिवांजलीनं मागं वळून पाहिलं.