मूत्राशयांचा टाइम आउट

महिला कबड्डीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी पंच रेवती धनवडे यांचं मूत्राशय बोलू लागलं. आवाज जरा घोगरा होता, पण शब्द स्पष्ट.

"बाई, जाऊन येऊ या."

"आत्ताच तर जाऊन आलो!"

"थेंबभर झालं. तरी जायला हवं."

मैदानावर बायकांसाठी सोय नव्हती. म्हणून सामन्याच्या दिवशी रेवतीबाई पाण्याला शिवत नसत आणि लागली तरी दाबून धरत. आज मात्र त्या थेट मैदानावरच्या डॉक्टर मुजावरबाईंकडे गेल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि प्रश्न मूत्राशयाला विचारले.

"जळजळ?"

"होते. ओटीपोटातही दुखतं."

"ताप? लघवीतून रक्त?"

"नाही."

"जंतुसंसर्ग असू शकतो. लघवी तपासू, रक्तातली साखरही बघू. पाणी तोडायचं नाही, दाबून धरायचं नाही."

"हे मला काय सांगता? यांना सांगा," मूत्राशय म्हणालं.

दुपारी सामना असा रंगला की लोक खुर्च्यांवर चढून बघू लागले. गुण बरोबरीत, शेवटची काही मिनिटं, आणि मयूरी ठोंबरे चढाईला निघालेली. तेवढ्यात रेवतीबाईंच्या गळ्यातल्या माइकवरून आवाज घुमला, "बाई, आता नाही थांबवत!"

मयूरी मध्यरेषेवरच थबकली. तिच्या पोटातून उत्तर आलं, "आम्ही तरी कुठं जाऊन आलोय?" मग समोरच्या संघातून, मग राखीव खेळाडूंच्या बाकावरून, सगळीकडून एकच गलका उठला.

मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब उभे राहिले. "एका वेळी एकानंच बोलावं. मागणी काय?"

"कार्यालयातलं स्वच्छतागृह उघडा."

"ते प्रमुख पाहुण्यांसाठी राखीव आहे."

"नानासाहेब," त्यांच्याच सदऱ्याखालून एक थकलेला आवाज आला, "आपण रात्रभर उठबस करता. धार बारीक झालीय, सुरू व्हायलाही वेळ लागतो. आपण तरी असं बोलू नये."

मुजावरबाईंनी पहिल्या रांगेतून आवाज दिला, "प्रोस्टेट वाढलं असेल. तपासून घ्या, नानासाहेब."

नानासाहेबांनी खिशातून किल्ली काढली, पण हात पुढे करेनात. "सामना असा मध्येच थांबवणं नियमात बसतं का, धनवडेबाई?"

इतकी वर्षं रेवतीबाईंनी स्वतःसाठी कधी सामना थांबवला नव्हता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली.

"पंचांचा टाइम आउट! बसतं!"

दोन्ही संघ एकाच दाराकडे धावले. कोण आधी, यावर कुणी वाद घातला नाही. रेवतीबाई शेवटी गेल्या आणि बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यायल्या.

खेळ पुन्हा सुरू झाला. मयूरीनं चढाई केली, कोपऱ्यातल्या मुलीला पायानं टिपलं, तिघींच्या पकडीतून अंग सोडवलं आणि मध्यरेषेवर बोटं टेकवली. रेवतीबाईंचा हात वर गेला. गुण! मैदान दणाणलं. खेळाडूंच्या आधी त्यांची मूत्राशयंच ओरडली.

बक्षीस समारंभात करंडक द्यायला अध्यक्ष सापडेनात. नानासाहेबांचं मूत्राशय त्यांना घेऊन तपासणीला गेलं होतं. मयूरीच्या विजयी संघाला करंडक रेवतीबाईंनीच दिला.