शेताच्या पत्त्यावर पन्नास कप

"कप आलं न्हाईत, तर मी हळदीला बसनार न्हाय!" असं जाहीर करून दिपाली ताटावरून उठली.

हळद दुसऱ्या दिवशी होती. मांडव उभा होता, डीजे ठरला होता, मटणवाल्याला दम देऊन झाला होता, आणि नवरीच म्हणे कपांसाठी अडून बसणार! अंजूरच्या केसरीनाथांच्या घराण्यात आजवर कपबशीवरून कोणी रुसलं नव्हतं. पण हे कप साधे नव्हते. इंटरनेटवर एक कंपनी होती. आपण काढलेलं चित्र तिला पाठवायचं, ती ते कपावर छापून घरपोच धाडायची. साल दोन हजार नऊ. गावात हे सांगितलं की माणसं आधी हसायची आणि नंतर हळूच विचारायची, आपला फोटोबी येतो काय म्हणून.

चित्र दिपालीने स्वतः काढलं होतं. केसरीनाथांचं शेत. हिरवीगार भाताची खाचरं, कोपऱ्यात विहीर, आंब्याचं झाड आणि बांधावर पाय सोडून बसलेले बाबा. हे शेत दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं आणि त्यावर पत्र्याचं एक अवाढव्य गोडाऊन उभं राहिलं. तेव्हा दिपाली बापाशी आठवडाभर बोलली नव्हती. आता तर ती लग्न होऊन मानकोलीला चालली होती.

"शेत तं राहिलं न्हाय. कपावर तरी सासरी नेऊ द्या," ती बापाला म्हणाली होती. शेताची आठवण केसरीनाथांनाही यायची, फार यायची. पण शेत विकून बंगला बांधलेल्या माणसाला तसं चारचौघांत बोलता येत नाही.

तर पोरीचा हट्ट म्हणून केसरीनाथ स्वतः मुलाला, प्रितेशला घेऊन भिवंडीच्या सायबर कॅफेत गेले होते. चित्र स्कॅन झालं, कप निवडला, पन्नास नग झाले. शेवटी कॉम्प्युटरने पत्ता विचारला.

"बाबा, घर नंबर काय आपला?"

"घराला कनचा नंबर? पोस्टमनला तरी म्हाईत हाय काय?" केसरीनाथ म्हणाले. "लिव, केसरीनाथचं शेत, अंजूर. सगल्या गावाला म्हाईत हाय."

त्यांचंही काय चुकलं? उभ्या जन्मात खत आलं ते शेतावर, बैल आले ते शेतावर, पाहुणेसुद्धा आधी शेतावर यायचे. प्रितेशनेही मान डोलावली आणि तसंच टाईप केलं.

आता प्रितेशने कुरियरला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं पार्सल परवाच डिलिव्हर झालंय. सिक्युरिटीने सही केलीये."

"आपल्याकरं कनची सिक्युरिटी?" दिपालीच्या आईने, राहीबाईंनी विचारलं. नवऱ्याकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अवो, पत्ता कनचा दिलावता तुमी?"

केसरीनाथांनी चपला घातल्या आणि प्रितेशला सोबत घेतलं.

गोडाऊनच्या गेटवर काळूराम नावाचा वॉचमन होता. केसरीनाथांना बघून तो अदबीने उभा राहिला, पण गेट काही त्याने उघडलं नाही.

"शेट, गेटपास?"

"अरं, ही जमीन माजी!"

"होती, शेट."

ह्यावर केसरीनाथ गेट गदागदा हलवत ओरडू लागले. शेवटी आरडाओरडा ऐकून गोडाऊनचा मॅनेजर भावेश बाहेर आला. सज्जन माणूस, ठाण्याहून मोटरसायकलवर ये-जा करायचा. त्याने बापलेकांना आत नेऊन खोकं दाखवलं. माल चढवायच्या धक्क्यावर प्रेशर कुकरच्या खोक्यांशेजारी ते बसलं होतं, आणि वर केसरीनाथांचं नाव ठळक अक्षरांत होतं.

"ह्ये बग, माजा नाव!" केसरीनाथांनी हात घातला.

"काका, हात नका लावू!" भावेश मध्ये आला. "आमच्या कामगारांनी कुकरसोबत हेही सिस्टममध्ये चढवलंय. एकदा चढलेला माल ऑर्डरशिवाय उतरत नाही. उद्या दुपारी ही सगळी गाडी इंदूरला जाणार."

"इंदूरला? हळद अंजूरला हाय!"

"तिथून परत मागवता येईल ना. महिनाभरात येतील."

"महिन्याभरात पोरगी माहेरपनाला येल रे, बाबा!"

भावेशने मनापासून हळहळ व्यक्त केली, चहा पाजला आणि रिकाम्या हाताने त्यांना गेटपर्यंत पोचवलं. प्रितेशने भिंतीवरून उडी मारायचा बेत मांडला, पण त्याच्या पोटाकडे बघून तो तिथल्या तिथे रद्द झाला.

घरी आल्यावर केसरीनाथ ओटीवर डोकं धरून बसले. "पोरीला काय त्वांड दाखवू? शेतबी माज्यामुलं गेला, आन् आता कपबी."

राहीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "उद्या देवांना आवतन द्याचा हाय का न्हाय? मंग आपला चेडोबा कुठं हाय?"

चेडोबा म्हणजे शेताचा राखणदार. शेंदूर फासलेला हातभर दगड. शेत विकताना केसरीनाथांनी एकच अट घातली होती, देव जागचा हलवायचा नाही आणि घरच्यांना पूजेला अडवायचं नाही. कंपनीने कबूल केलं. त्यामुळे चेडोबा अजून तिथेच होता, मालाच्या धक्क्याला अगदी खेटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळूरामने समोरून येणारी वरात पाहिली आणि शिट्टी तोंडातच धरली. पुढे बेंजो, मागे हिरव्या साड्यांतल्या पंधरा-वीस बायका, मधोमध केसरीनाथांची बहीण तुळजा, डोक्यावर भलीमोठी टोपली घेऊन.

"गेटपास..." काळूराम पुटपुटला.

"देवाच्या दारात गेटपास मागतंस? कोनाचा रं तू?" तुळजाने आवाज चढवला. काळूरामने टोपी काढली आणि गेट उघडलं.

चेडोबाला हळद लागली, नारळ फुटला, बायकांनी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, धरले. हमालांनी चपला काढून हात जोडले. भावेशही ऑफिसातून धावत आला आणि डोळे मिटून उभा राहिला. राहीबाईंनी धवल्यातलं एकेक कडवं दोनदोनदा म्हणायला लावलं. भावेशने डोळे उघडले तेव्हा टोपली पुन्हा तुळजाच्या डोक्यावर होती, वरून नवी कोरी साडी झाकलेली, आणि तुळजाची मान खांद्यांत रुतली होती.

"टोपलीत काय आहे, आत्या?"

"देव. घरी नेताव मांडवात."

"एवढा जड?"

"जागा सोडताना कोनबी जड हुतं, बाला."

भावेशने धक्क्याकडे पाहिलं. कुकरच्या रांगेत एक खिंडार पडलं होतं. मग त्याने टोपलीतून डोकावणारा खोक्याचा कोपरा पाहिला. तेवढ्यात राहीबाईंनी त्याच्या कपाळाला हळद लावली, हातावर पेढा ठेवला आणि संध्याकाळी जेवायला यायचं बजावलं. बिचारा काय करणार!

"देव स्टॉकमध्ये नाहीत," तो काळूरामला म्हणाला. "जाऊ दे त्यांना."

संध्याकाळी मांडवात कप वाटले गेले. रंग जरा जास्तच हिरवा आला होता आणि बांधावरचे बाबा गोरे झाले होते, पण दिपालीने एकेक कप पुसून स्वतःच्या हाताने दिला आणि मग कुठे ती हळदीच्या पाटावर बसली. भावेशही जेवायला आला होता. त्याने सिस्टममध्ये कपांसमोर "वाटेत तुटफूट" असं टाकून मोकळं केलं होतं. त्यालाही एक कप मिळाला.

राहीबाईंचा भाऊ चांगदेव जमिनीची दलाली करायचा. तो कप उलटसुलट करून कितीतरी वेळ बघत राहिला. मग केसरीनाथांना त्याने बाजूला घेतलं.

"भावजी, कनची जागा ही? झकास हाय! सपाट हाय, पानी हाय. गोडाऊनला एकदम फिट. माज्याकरं पार्टी हाय. बोलू काय?"

दोन वर्षांपूर्वी ह्याच चांगदेवने ह्याच बांधावर उभं राहून ह्याच शेताचा सौदा जुळवला होता, आणि दुपारची भाकरीही त्याच आंब्याखाली खाल्ली होती.

"न्हाय," केसरीनाथ म्हणाले. "ही जागा इकाची न्हाय."

"अवो, भाव तं ऐका!"

"कितीबी भाव येव दे. पोरीची हाय ती. न्हाय म्हंजे न्हाय!"

ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की बेंजो थांबला. पाटावर बसलेल्या दिपालीने बापाकडे पाहिलं, हळदीच्या हातांनीच डोळे पुसले, आणि ते इतके चुरचुरले की साऱ्या बायका पाणी आणायला धावल्या. त्या गोंधळातही चांगदेव केसरीनाथांच्या मागे मागे फिरत होता.

"बरं, नका इकू. पन भावजी, जागा हाय कुठं, ता तरी सांगा!"