वरचे गुलाबराव

गुलाबराव आमच्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहतात, पण अख्खी गल्ली त्यांना 'वरचे गुलाबराव' म्हणते. नवा माणूस पत्ता विचारत आला की हमखास जिना चढून गच्चीवर पोचतो, माझे वाळत घातलेले पापड तुडवतो आणि वर मलाच बोल लावतो.

त्या नावाचं कारण म्हणजे त्यांची नोकरी. फौजेत असताना गुलाबरावकाकांनी कितीतरी हिवाळे बर्फातल्या चौकीवर स्टोव्ह आणि बत्त्या पेटवण्यात घालवले. त्या जागेला ते नुसतं 'वर' म्हणतात. "मी वर होतो तवा..." अशी सुरुवात झाली की पानठेल्यावरचं कुणीतरी विचारतं, "काका, वर गेलेला मानूस वापस येत नाई म्हनतात. तुमी कसे आले?"

"सुट्टी मंजूर झाली होती," काका शांतपणे सांगतात.

मे महिन्यात नांदुऱ्याचं डांबर चपलेला चिकटत असतं, तेव्हाही यांचा स्टोव्ह घोंगडीत गुंडाळलेला असतो. काड्यापेटी बंडीच्या आत, काखेत. वर काड्या गारठून पेटत नसत म्हणून ही सवय. इथे त्या घामाने भिजून पेटत नाहीत, पण हे त्यांना सांगणार कोण? पंपाच्या चामडी वायसरला तेलाचा थेंब द्यायचा, तोही मोहरीच्या, कारण खोबरेल थिजतं. मग बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट पेटवायचं आणि बर्नर तापेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. "घाई केली तं भडका, वाट पाह्यली तं चहा," हे त्यांचं ब्रीद. लाइट गेली की गॅसबत्ती निघते. तिच्या मेंटलला काडी लावताना आम्ही सगळ्यांनी श्वास रोखायचा असतो, आणि आम्ही रोखतोही.

काकूंचं मात्र हल्ली अवघड झालंय. आधी त्या किल्ल्या विसरल्या, मग आमची नावं, आणि आता काकांनाही ओळखत नाहीत. मुलाने पुण्याहून येऊन गॅस बसवून दिला. काका त्यावर स्वयंपाक करतात, पण चहा स्टोव्हवरच. घासलेट तर रेशनवर मिळेनासं झालंय. म्हातारा माणूस बाटली घेऊन उन्हातान्हात गावोगाव फिरतो, याचा मला राग यायचा.

"काका, गॅस आहे ना घरात?" मी एकदा म्हटलं.

"वर गॅस चालत नाई, बाई."

आपण वर नाही, नांदुऱ्यात आहोत, असं मी ठणकावलं. ते बाटली घेऊन निघाले.

गेल्या आठवड्यात पिंपळगाव राजाला कुणाकडे तरी थोडं घासलेट असल्याचं कळलं. काकूंना माझ्यावर सोपवून ते बसने गेले. काकूंच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, म्हणून मी गॅसवर झकास चहा केला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"घरचे सुट्टीवर येऊन राह्यले," त्या म्हणाल्या. "ते आले की घेतो."

काका पिंपळगावला गेलेत, येतीलच, असं मी सांगितलं. परक्या बाईकडे पाहून हसावं तशा त्या हसल्या.

काका आले ते अर्धी बाटली घेऊन. आल्या आल्या त्यांनी घोंगडी सोडली. मग तेल, स्पिरिट, हात मांडीवर. मी मनातून धुसफुसत होते. बर्नर तापला, काकांनी पंप मारला आणि स्टोव्ह भर्र करून आवाज करू लागला.

काकू उठून बसल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"अजी, कवा आले?"

"आत्ताच," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "सुट्टीवर आलो की पयला चहा मीच करत जाओ, याच स्टोव्हवर. मले इसरली ते. याचा आवाज नाई इसरली."

माझे डोळे भरून आले. काकू फुंकर घालून चहा पीत होत्या.

"कधी जा लागते वापस?" त्यांनी विचारलं.

"आता नाई जात वर," काका म्हणाले. "तुह्या अगोदर तं नाईच."

काकूंनी मान डोलावली आणि आणखी चहासाठी कप पुढे केला. बाटलीच्या तळाशी थोडंच घासलेट उरलं होतं. सोनाळ्याच्या माझ्या मावशीकडे कोठीत घासलेटचा जुना डबा पडलेला असायचा. मी तिला फोन लावला.